डुक्कर फियाट, डिलाइट, पद्मिनी: गाडी होती तशी करायची तर खात्रीचे संदर्भ कुठे शोधायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या घरची १९६७ची फियाट डिलाइट गेली साडेचार वर्षं रिस्टोअर करतोय. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली आणि आता माझ्याकडे आलीय. या काळात पत्र्याइतकाच वेळ कागद शोधण्यात गेला, आणि आता तेच करणारे लोक रोज काही ना काही विचारत असतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. हे मुंबईत, कुर्ल्याला बनलेल्या फियाट ११०० घराण्याबद्दल आहे, पण शोधायची पद्धत अँबॅसेडरला, हेराल्डलासुद्धा लागू पडेल.

मिस्त्री म्हणतो सगळं डोक्यात आहे, मग पुस्तकं वगैरे कशाला?

गाडी चालती करायची असेल तर खरंच नकोत, चांगला मिस्त्री पुरेसा आहे. पण गाडी चालती करणं वेगळं आणि होती तशी करणं वेगळं. डिलाइटची बॉडी १९६४ला आली आणि थोडेफार बदल होत होत पद्मिनी म्हणून नव्वदीच्या दशकातही कारखान्यातून बाहेर पडत होती, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ साधारण तीच बॉडी. त्यामुळे ८५ सालचा पार्ट ६७ सालच्या गाडीला आरामात बसतो. बसतो हाच मोठा धोका आहे, कारण मिस्त्रीने आयुष्यभर पद्मिन्या केल्यात, त्याच्या हाताला पद्मिनी ठाऊक आहे, आणि तो अगदी मनापासून तुमच्या डिलाइटची पद्मिनी करून देतो.

आमच्या गाडीला नव्वदीत एक छोटा अपघात झाला होता. ज्या गॅरेजला दिली त्यांनी पुढची जाळी आणि साइडची क्रोमची पट्टी बदलून दिली, बिलावर स्वच्छ लिहिलं 'ओरिजिनल', बाबांनी पैसे दिले. दोन्ही पार्ट नंतरच्या मॉडेलचे होते हे आम्हाला पंचवीस वर्षांनी कळलं, ते पण दुसऱ्या एका न उघडलेल्या (म्हणजे कधीच सुटी करून नव्याने न केलेल्या) डिलाइटच्या शेजारी आमची गाडी उभी केली तेव्हा. जुनी जाळी तर त्याच दिवशी भंगारात गेली असणार. बाबांना अजून वाईट वाटतं.

माझी गाडी नेमकी कुठली आहे ते आधी कसं ठरवायचं?

आधी कुटुंब समजून घ्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ला काढलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याला, जिथे आज कोहिनूर सिटी उभी आहे. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्या आणि ट्रक जुळवले जायचे, मग फियाटशी करार झाला. १९५४ला ११००-१०३ आली, तिलाच आपण डुक्कर फियाट म्हणतो, गोलमटोल अंग आणि पुढची दारं उलटी उघडणारी, म्हणजे बिजागरी मागे. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली, १९६४ला डिलाइट आली, सत्तरीच्या सुरुवातीला फियाट हे नाव जाऊन प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४पासून पद्मिनी.

आता गाडीकडे या. बॉनेट उघडा, डेटा प्लेटचा सरळ उजेडात फोटो काढा, मग चासी नंबर पत्र्यावर जिथे ठोकलाय तिथे कागद ठेवून पेन्सिलने ट्रेस घ्या, आरटीओत घेतात तसाच. फोटोत ३ आणि ८ सारखे दिसतात, ट्रेसमध्ये फसगत होत नाही. इंजिन नंबर वेगळा लिहा. मग आरसी बुक, जुन्या इन्शुरन्सच्या पावत्या, टॅक्सचं टोकन, सापडलं तर पहिलं बिल हे सगळं एका जागी ठेवा आणि तीन तारखा वेगवेगळ्या लिहा: बनली कधी, विकली कधी, पासिंग कधी झालं. या तिन्ही एक नसतात. त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे लोक, पण गाडी बनल्यावर डीलरकडे काही महिने पडून राहणं, वर्ष उलटून गेल्यावर नोंद होणं हेही व्हायचं. आरसीवर ६८ आहे म्हणून ६८चे पार्ट शोधत बसाल आणि गाडी निघेल ६७ची.

इटालियन मॅन्युअल मिळालंय, त्यावर डोळे झाकून काम करू का?

नको. हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिन उघडणं, बेअरिंगची क्लिअरन्स, व्हॉल्व्हचं टायमिंग, गिअरबॉक्सची जुळणी अशा मूळ यांत्रिक गोष्टींना ते मॅन्युअल सोनं आहे, कारण १०३ टाइपचं मूळ ड्रॉइंग तिथलंच. पण त्यातही अट आहे. इटलीत ११००डी १९६२ ते ६६ बनली आणि तिला १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडची डिलाइट दिसायला तीच, पण इंजिन १०८९ सीसीचं. म्हणजे पुस्तकावर नाव '११००डी', चित्रात तुमचीच गाडी, आणि बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) आकडा दुसऱ्याच इंजिनचा. एका मित्राने पिस्टन रिंग त्या आकड्यावर मागवल्या, बाहेरून कुरिअरने आल्या, पैसे गेले ते गेलेच.

नंतर इटलीत ११००आर आली, १९६६ ते ६९. तिचं इंजिन पुन्हा १०८९ सीसी, त्यामुळे लोकांना वाटतं हेच आपलं पुस्तक. पण ती गाडीच वेगळी, मागची बॉडी वेगळी, गिअर फ्लोअरवर, पुढे डिस्क ब्रेक. आपल्या डिलाइटला हँडगिअर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि चारही चाकांना ड्रम. बाहेरच्या साइटवर नुसतं 'फियाट ११००' टाइप केलं की या तिन्ही गाड्यांचे पार्ट एकत्र समोर येतात.

आणि मुख्य गोष्ट, इटलीने ही बॉडी ६६ला बंद केली. त्यानंतर कुर्ल्यात जे जे बदललं, इथल्या कंपन्यांचे दिवे, इथली रबरं, इथलं रेक्झिन, ल्युकास टीव्हीएसचं इलेक्ट्रिकल, त्यातलं काहीच इटालियन कागदात असणार नाही. परदेशी माल आणायला लायसन्स लागायचं, सरकारचा रेटा होता की जास्तीत जास्त पार्ट इथेच बनवा, त्यामुळे एकेक वस्तू देशी होत गेली. १९५३च्या टॅरिफ कमिशनने तर स्पष्टच केलं होतं की नुसत्या जुळणीवर चालणार नाही, इथे उत्पादन करायचा कार्यक्रम पाहिजे, जनरल मोटर्स आणि फोर्ड त्याच सुमाराला इथून निघून गेले, प्रीमियर राहिली. म्हणून ट्रिम (पट्ट्या, जाळी असली सजावट), रंग, कापड, बॅज, दिवे याबाबतीत कुर्ल्याच्या गाडीचं उत्तर ट्युरिनला, फियाटच्या इटलीतल्या गावाला, विचारू नका.

माझा साधा नियम: इंजिन-गिअरबॉक्सला इटालियन पुस्तक, पण आकडा आधी आपल्या इंजिनच्या सीसीशी जुळवून. बाकी सगळ्याला प्रीमियरचं पुस्तक. मुंबईत छापलेली ओनर्स हँडबुकं आणि पार्ट्स कॅटलॉग आजही मिळतात, घाई करू नका.

वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग यातलं आधी कुठलं घ्यावं?

पैसे एकाचेच असतील तर कॅटलॉग. मॅन्युअल सांगतं काम कसं करायचं, ते बऱ्यापैकी मिस्त्रीलाही येतं. कॅटलॉग सांगतो गाडीत काय काय होतं, किती वॉशर, कुठली क्लिप, कुठल्या बाजूला, एकेक भाग सुटा करून दाखवलेल्या चित्रासकट. आणि त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'अमुक चासी नंबरपर्यंत हा पार्ट, पुढे तो पार्ट' अशी टीप. अशी एक ओळ सापडली की चार जणांचा वर्षभराचा वाद मिटतो. मात्र कॅटलॉगची आवृत्ती बघा, कारण नंतरच्या आवृत्तीत जुना पार्ट काढून त्याच्या जागी नवा पर्यायी नंबर टाकलेला असतो, तो बसतो म्हणून दिलेला असतो, तुमच्या गाडीत होता म्हणून नाही.

ओनर्स हँडबुक लहान असतं पण हलकं समजू नका. बल्बचे वॉट, टायरची हवा, कुठल्या खटक्यावर काय लिहिलंय, हे तिथेच मिळतं.

गाडीचा मूळ रंग कसा शोधायचा?

गाडीलाच विचारा. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो पण 'ग्रे' एवढंच, आणि त्या एका शब्दात दहा छटा बसतात. घरच्यांची आठवण तर फारच गंमतशीर, आमच्याकडे आत्या म्हणायची आकाशी, काका म्हणायचे राखाडी, आणि बाबा म्हणायचे पिस्ता.

आम्ही असं केलं. ड्रायव्हरच्या दाराचं पॅड काढलं, आतल्या पत्र्यावर ऊन कधी पडलेलंच नव्हतं. पॅडच्या हार्डबोर्डच्या मागे जाड पेन्सिलने चार आकडे लिहिलेले होते, कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलेले, ते बघून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मग डिकीच्या आत, मागच्या सीटखाली आणि डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला अशा चार जागा निवडल्या. तिथे हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, बोटाच्या टोकाने, एकाच ठिकाणी, हळूहळू गोल घासला. झाडाचं खोड कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं दिसायला लागतात: सगळ्यात बाहेर नव्वदीतला पांढरा, मग एक निळा, मग राखाडी प्रायमर, मग फिक्कट हिरवट करडा, मग तांबूस प्रायमर आणि शेवटी पत्रा. कारखान्यातला रंग म्हणजे सगळ्यात खालच्या प्रायमरला चिकटून असलेला. तो आत्याचाही निघाला नाही आणि काकांचाही, बाबांचा पिस्ता सगळ्यात जवळ होता.

दोन गोष्टी सांभाळा. रंगाचा वरचा थर काळानुसार पिवळट पडतो, तेव्हा मॅच करायच्या आधी त्या जागी हलकं पॉलिश मारून ताजा थर उघडा करा. आणि रंगाच्या दुकानात मशीन लावून मॅच करणार असाल तर निदान तीन जागांचं रीडिंग घ्या, एकावर जाऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं, सँपलचा एक तळहाताएवढा भाग तसाच ठेवा, त्यावर नवा रंग मारू नका. आम्ही डिकीच्या आत डाव्या कोपऱ्यात ठेवलाय.

चमक हाही संदर्भच आहे. त्या काळच्या साध्या रंगावर आजच्यासारखा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसायचा. पेंटर 'काचेसारखी करून देतो' म्हणाला की हात जोडून नको म्हणा.

जुने फोटो, लग्नाचे अल्बम, जाहिराती, सिनेमे चालतात का?

चालतात, पण प्रत्येकाला त्याचाच प्रश्न विचारायचा.

घरचा फोटो सगळ्यात चांगला, कारण ती तुमचीच गाडी असते. लग्नाच्या अल्बममध्ये फुलांच्या माळांनी निम्मं बंपर झाकलेलं असतं हे खरं, तरी आरसा एका बाजूला होता की दोन्ही, हबकॅप कुठली, मोनोग्राम कुठे, अँटेना होती का, हे सगळं दिसतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बघायला विसरू नका. पण सत्तरीतल्या कलर प्रिंटवरून रंग ठरवू नका, त्या प्रिंट लालसर पडतात, आमची हिरवट गाडी अल्बममध्ये चक्क बदामी दिसते.

नंबर प्लेटवरून फोटोची तारीख काढतात लोक, त्यात एवढंच कळतं की गाडीची नोंद कधीच्या सुमाराची. तीन अक्षरांची जुनी सिरीज असेल तर एमएच सुरू व्हायच्या आधीची, बस. फोटो त्यानंतर कधीचाही असू शकतो, आणि तोवर गाडीचं बरंच काही बदललेलं असू शकतं.

सिनेमाची एक युक्ती सांगतो, मला फार उपयोगी पडली. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं त्यावर तारीख असते. सर्टिफिकेट ६६चं असेल आणि पडद्यावर एखादी जाळी किंवा दिवा स्पष्ट दिसत असेल तर तो पार्ट ६६ला होता हे पक्कं, त्याच्यावर वाद नाही. उलट बाजूने मात्र काही सिद्ध होत नाही, दिसला नाही म्हणजे नव्हता असं नाही. आणि हिरोची गाडी बघू नका, ती सजवलेली असते, मागे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघा. मरीन ड्राइव्हचा लांब शॉट असला की मी दहा वेळा थांबवून बघतो.

जाहिरातींसाठी जुनी साप्ताहिकं, दिवाळी अंक चाळा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुने अंक आहेत, आधी चौकशी करून जा. जाहिरातीत मॉडेलचं नाव आणि तारीख विश्वासाची, चित्र मात्र नाही, कारण बऱ्याचदा चित्रकाराने काढलेलं असतं, गाडी लांब आणि खाली झुकलेली दाखवायची पद्धतच होती.

न उघडलेली जुनी गाडी बघायला मिळाली तर काय काय बघावं?

असं नशीब आलं तर सुट्टी टाका पण जा. एका घरात राहिलेली, कधीच पूर्ण रंगवली नाही, धूळ खात पण कोरड्या जागी उभी असलेली गाडी म्हणजे शंभर पुस्तकांच्या तोडीची. अशी गाडी मला एका गावात मिळाली, आजी म्हणाल्या 'ह्यांनी कुणाला हातच लावू दिला नाही हो'. दुपारभर बसून तीनशेवर फोटो काढले.

चकाचक भागांचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही लपलेल्या भागांचे काढा. दाराच्या रबराचं टोक कुठे कापलंय. वायरिंगवर कापडी विणकाम आहे की प्लास्टिक, कुठल्या छिद्रातून वायर आत जाते. स्क्रूचं डोकं सरळ चिरेचं की फुलीचं. सीटच्या शिलाईत एका इंचात किती टाके, पायपिंग त्याच रंगाची की वेगळी. बॉनेटच्या आतल्या बाजूला रंग पूर्ण आहे की नुसता फवारा. फ्लोअरवर रबराची चटई की कापडी. पत्र्याच्या जोडावर सीलंट ब्रशने फासलंय की बोटाने, आमच्या त्या गाडीत बोटाचे ठसे सरळ दिसत होते.

फोटोत एक स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप येतं, आणि एक पांढरा कागद ठेवा म्हणजे रंगाचा अंदाज चुकत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय एक स्क्रूसुद्धा फिरवू नका, आणि ती गाडी विकत घ्यायचा विषय काढू नका, पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

एका गाडीवर थांबू नका. निदान तीन गाड्या बघा, त्याच वर्षाच्या आसपासच्या. तिन्हीत सारखं दिसलं तर कारखान्याचं, एकीतच दिसलं तर मालकाचं किंवा डीलरचं असू शकतं.

काळी-पिवळी टॅक्सीवरून संदर्भ घेता येईल का?

पद्मिनी असेल तर थोडाफार, डिलाइटसाठी नको. टॅक्सी रोज राबायची, पार्ट सतत बदलले जायचे, आतलं कापड, सीट, टपाचं कॅरिअर सगळं मालकाच्या आवडीचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, त्यामुळे आता भंगारात येणारे बरेचसे पार्ट या शेवटच्या काळातल्या गाड्यांचे आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात 'फियाटचा माल' म्हणून मिळेल तो हाच, हे ध्यानात ठेवून घ्या.

जुन्या मिस्त्रींच्या, कामगारांच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

खूप, पण विचारायची पद्धत आहे. 'डिलाइटला कुठला कार्बोरेटर होता?' असं विचारलं की माणूस उत्तर देणारच, माहीत नसलं तरी. त्यापेक्षा वस्तू हातात द्या. कुर्ल्यात एका सत्तरी पार केलेल्या चाचांकडे मी दाराचं हँडल घेऊन गेलो होतो. त्यांनी बघितलं सुद्धा नाही नीट, अंगठ्याने आतली कड चाचपली आणि म्हणाले, "ये बाद का है बेटा. पुराने का किनारा हाथ को लगता नहीं." घरी येऊन न उघडलेल्या गाडीच्या फोटोशी ताडून बघितलं, खरं होतं.

त्यांनी कशावर काम केलं तेही विचारा. पेंट शॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या काकांना इंजिन विचारू नका, आणि इंजिनवाल्याला रंग. कुर्ला, घाटकोपर, डोंबिवली या पट्ट्यात कारखान्यातले निवृत्त लोक अजून भेटतात, पण वयं झाली आहेत, जे करायचं ते आता करा. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, आणि जाताना गाडीचे फोटो घेऊन जा. फोटो बघून जे आठवतं ते प्रश्नाने आठवत नाही.

क्लब, म्युझियम, संग्रह यांचा उपयोग होतो का?

मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची रॅली बघायला जा, नुसतं बघायला नाही, वही घेऊन जा. मालक बोलायला उत्सुक असतात. फक्त ट्रॉफी मिळालेली गाडी म्हणजे अचूक गाडी असं धरू नका, कित्येकदा ती फार सुंदर केलेली असते, कारखान्याने कधी केली नसेल इतकी. गुरुग्रामजवळ तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, तिकडे गेलात तर आपल्याकडच्या जुन्या गाड्या एकाच छताखाली बघायला मिळतील.

ट्युरिनला फियाटचं स्वतःचं ऐतिहासिक संग्रहालय आहे, चेंत्रो स्तोरिको फियाट, तिथे फियाटची ड्रॉइंगं, कागद, फोटो सांभाळलेत. डुक्कर फियाटवाल्यांना त्याचा जास्त उपयोग, कारण सुरुवातीच्या गाड्या मूळ इटालियनच्या जवळच्या. पत्र पाठवताना नेमका प्रश्न विचारा, टाइप नंबर आणि वर्षासकट.

फीवा या जागतिक संघटनेची ट्युरिन चार्टर म्हणून एक सनद आहे ती जरूर वाचा. तिचा कल सरळ आहे: आधी जपा, नाइलाज झाला तरच बदला, आणि जे केलं त्याची नोंद ठेवा.

डबाबंद नवा-जुना (जुन्या काळचा पण न वापरलेला) पार्ट मिळाला, म्हणजे ओरिजिनलच ना?

डबा ओरिजिनल असतो, आतला पार्ट त्याच डब्यातला असेलच असं नाही. नंबर कॅटलॉगशी जुळवा. आणि 'रिप्लेसमेंट' म्हणून बाजारात आलेले पार्ट त्या काळीही होते, जुने असले तरी ते कंपनीच्या लाइनवर बसलेले नव्हेत. रबराच्या बाबतीत तर जुना डबाबंद माल सँपल म्हणून ठेवा, गाडीत बसवू नका, ब्रेकचं रबर तर अजिबात नाही.

दोन संदर्भ एकमेकांच्या विरुद्ध बोलले तर कुणाचं ऐकायचं?

मी असं बघतो. माझ्याच गाडीवर, न हललेल्या जागी, पुरावा असेल तर तो सगळ्यांच्या वर. त्याच्या खाली माझ्या गाडीचे जुने फोटो. मग चासी नंबरची टीप असलेला प्रीमियरचा कॅटलॉग. मग त्याच काळातल्या दोन-तीन न उघडलेल्या गाड्या. मग माणसांच्या आठवणी. इटालियन पुस्तकं ट्रिमसाठी सगळ्यात खाली, यंत्रासाठी वर. आणि आज रिस्टोअर झालेल्या दुसऱ्या गाड्या कशातच नाहीत, कारण त्यांनी कुणाचं बघून केलं ते कुठे माहितीये, चूक एकाची असते आणि वीस गाड्यांवर जाऊन बसते.

कॅटलॉग आणि गाडी भांडतात तेव्हा गाडीच्या बाजूने उभं राहायला घाबरू नका. आमच्या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्लिपा वेगळ्या निघाल्या, कॅटलॉगमध्ये एकच. दोन्हीवर कारखान्याचा पहिला रंग होता, म्हणजे लाइनवर ज्या हाताला लागल्या त्या लावल्या. तशाच परत बसवल्या.

इंटरनेटवर किंवा एआयला विचारलं तर?

सुरुवात करायला ठीक, पण कुठलाही आकडा कागदावर बघितल्याशिवाय वापरायचा नाही. १२२१ आणि १०८९चा घोळ मला तिथे कितीदा दिसलाय. व्हॉट्सअॅपवर फिरणारे फोटो तर कुठल्या गाडीचे, कुठल्या सालचे, काहीच पत्ता नसतो. फोटो पाठवणाऱ्याला चासी नंबरचे पहिले आकडे आणि वर्ष विचारा, दिलं तर संदर्भ, नाही तर नुसतं चित्र.

व्हिंटेज नोंदणीसाठी हे संदर्भ लागतात का?

२०२१च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमात बदल केला, त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरमध्ये राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको. आता 'मूळ रूप' म्हणजे काय हे दाखवायला तुमच्याकडे फाइल असेल तर बोलणं सोपं जातं. एक लक्षात ठेवा, अशी नोंद केलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर. ज्यांना गाडी रोज फिरवायचीय त्यांनी आधी नीट विचार करावा.

नोंदी कशा ठेवायच्या?

उघडायच्या आधी फोटो. उघडताना फोटो. प्रत्येक स्क्रू झिपच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई तेलात पसरते. जुनं कापड, रबर, तुटकी क्लिप काही फेकू नका. सीटवाल्याने आमचं जुनं रेक्झिन 'कचरा' म्हणून टाकायला काढलं होतं, मी धावत जाऊन एक हातभर तुकडा परत आणला, आणि त्या तुकड्यावरूनच पुढे दाणा आणि रंग दोन्ही जुळले.

आणि कुठेच उत्तर मिळालं नाही तर?

तर ते काम थांबवा, बाकीचं करा. थांबणं शक्यच नसेल तर असं करा की उद्या परत काढता येईल, वेल्डिंग नको, नवं छिद्र नको, आणि फाइलमध्ये लिहा की हे अंदाजाने केलंय. आमच्या डॅशबोर्डखालचा एक छोटा ब्रॅकेट अजून तसाच रिकामा आहे, दोन छिद्रं आहेत, भोवती पहिल्या रंगात एका चौकोनी वस्तूची कड उमटलेली आहे, साधारण तीन इंच बाय दोन इंच. चाचांना विचारलं, तीन गाड्या बघितल्या, कॅटलॉग पानन्‌पान चाळला. कुणाच्या डिलाइटमध्ये त्या जागी काही असेल तर पट्टी ठेवून एक फोटो काढून ठेवा, मी बघायला येईन.